गुरुवारची लोकर

पट्टा थांबला तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती, आणि आज पुन्हा लोकर आली हे पुठ्ठेवालीने मान वर न करताच ओळखलं.

शहराच्या टोकाला कचरा वेगळा करण्याचा कारखाना आहे, तिथली ही गोष्ट. घराघरांतून गोळा झालेला सुका कचरा गाड्या इथे आणून ओततात. तो रबरी पट्ट्यावरून पुढे सरकतो, आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं आपापली वस्तू उचलून मागच्या झरोक्यातून खाली टाकतात. इथे नावं कोणी लक्षात ठेवत नाही. कानात बोळे आणि तोंडावर फडकं बांधून आठ तास उभं राहायचं, त्यात नावं कुठे ऐकू येणार. जो जे उचलतो ते त्याचं नाव. काचवाला, बाटलीवाली, डबेवाला. ही बारा वर्षं पुठ्ठे उचलत होती, म्हणून पुठ्ठेवाली.

तिच्या जागेला लागूनच दातेरी चाकांची एक रांग फिरत असते. मोठे पुठ्ठे त्या चाकांवरून उड्या मारत पुढे जातात आणि बारीकसारीक माल फटींतून खाली पडतो. यंत्र गुणी आहे, पण त्याला दोरा चालत नाही. सुतळी, रिबन, केबल, काहीही लांबलचक आलं की चाकांच्या दांड्याला गुंडाळत बसतं, आणि शेवटी सगळं ठप्प होतं. मग जिची जागा तिने लाल बटण दाबायचं, कोणी मध्येच चालू करू नये म्हणून बटणाच्या खोक्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि आत वाकून आकड्यासारख्या वाकलेल्या सुरीने तो गुंता कापायचा. पाऊण तास जातो. तेवढा वेळ बाकीची मंडळी हातावर हात ठेवून आपल्याकडे बघत असतात, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

"कोण आहे ही लोकरवाली, एकदा भेटू दे मला," बाटलीवाली म्हणाली. "विणता येत नसेल तर फेकून तरी नीट द्यावं माणसाने."

पुठ्ठेवाली आत वाकली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डाव्या हाताने सुरी धरून ती कापत राहिली.

खांद्याचीच तर सगळी भानगड होती. बारा वर्षं एकाच बाजूला वळून उचल आणि टाक, उचल आणि टाक. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे काम आणखी वर्षभर केलंत तर केस विंचरायलासुद्धा दुसरं माणूस लागेल. आणि पट्ट्याच्या वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला, काचेची एक केबिन होती. त्यात एक खुर्ची, पट्टा दाखवणारे चार पडदे आणि काही बटणं. तिथला म्हातारा महिनाअखेर घरी बसणार होता. मुकादमाने तिला बोलावून सांगितलं होतं, की पट्ट्याची नस तुला कळते, मी तुझंच नाव वर देतो. फक्त वरचे लोक फळा बघतात. कोणाच्या जागी पट्टा किती वेळा थांबला ते त्या फळ्यावर लिहिलेलं असतं. महिन्यात तीन वेळा चालून जातं. चौथी रेघ पडली तर माझ्या शब्दाला काय किंमत राहील, तूच सांग.

आजची दुसरी रेघ होती. दोन्ही गुरुवारच्या.

दांड्यावरून गुंता सुटून हातात आला तेव्हा तिने तो पहिल्यांदा नीट पाहिला. विटकरी रंगाची जाड लोकर, सोडवलेल्या स्वेटरची असते तशी अजूनही वळणं धरून राहिलेली. मध्ये एके ठिकाणी विटकरी धाग्याला राखाडी धागा जोडलेला होता, बारीक चपट्या गाठीने. असा राखाडी धागा विटकरी स्वेटरच्या कोपरावर घालायची कल्पना जगात एकाच बाईला सुचू शकत होती. पुठ्ठेवालीने आजूबाजूला पाहिलं, गुंता एप्रनच्या खिशात कोंबला आणि कुलूप काढलं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

तो स्वेटर तिच्या सासऱ्यांचा होता.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी सासरे गेले आणि सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या त्या बसल्याच. जेवायला हाक मारली तर उठायच्या, झोपायला सांगितलं तर झोपायच्या. असे चार महिने गेले. मग पालिकेने घरोघरी चार डबे वाटले, प्रत्येकावर चित्रं काढलेली. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक. आणि एका सकाळी सासूबाई खुर्चीतून उठल्या, चष्मा लावला आणि ती चित्रं वाचायला बसल्या.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. ते फार दिवस टिकलं नाही.

सासूबाईंना अर्धवट काही करता येत नाही. दह्याचा डबा धुवायला त्या इतकं गरम पाणी घ्यायच्या की तेवढ्यात एका माणसाची अंघोळ झाली असती. बरणीचं लेबल निघावं म्हणून बरण्या दोन-दोन दिवस बादलीत भिजत पडायच्या, आणि ती बादली नेमकी न्हाणीघराच्या दारात. ओट्यावर धुतलेल्या डब्यांची चळत, खिडकीत वाळत घातलेल्या पिशव्या, आणि प्यायचा पेला ठेवायला मात्र जागा नाही. दिवसभर लोकांचा कचरा उपसून पुठ्ठेवाली घरी यायची तर घरात कचरा पाहुण्यासारखा पसरलेला.

"आई, नुसतं विसळलं तरी पुरतं," ती सांगायची.

"नुसतं विसळलेलं तुझ्या हाताला लागतं ना," सासूबाई म्हणायच्या आणि पाणी आणखी गरम करायच्या.

यावर काय बोलणार. नवऱ्याकडे तक्रार करून उपयोग नव्हता. तो लांबच्या गाड्यांवर चालक, आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर. फोनवर तो एकच वाक्य बोलायचा, "आईचं तू बघ." ही सोय त्याला फार लवकर सापडली होती.

आणि गंमत अशी, की पुठ्ठेवालीचा या कामावर विश्वास नव्हता असं नाही. लहानपणी तिचं घर शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी होतं. तो डोंगर बारा महिने धुमसायचा आणि तिचा धाकटा भाऊ बारा महिने खोकायचा. आता तो डोंगर वाढत नाही, हे तिने स्वतः पाहिलं होतं. पत्र्याचा डबा कितीही वेळा वितळवला तरी पुन्हा डबा होतो, हे पहिल्या वर्षी कळलं तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं होतं. कागदाचे माणूसभर उंचीचे गठ्ठे गाडीत चढताना ती अजूनही दोन मिनिटं थांबून बघायची.

पण दुसरी बाजूही तिलाच ठाऊक होती. बाहेरून मागवलेल्या जेवणाचे काळे प्लॅस्टिकचे डबे कारखान्यातल्या माल ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला दिसतच नाहीत, ते थेट जाळायच्या ढिगात जातात. सासूबाई ते सगळ्यात जास्त घासायच्या, कारण त्यांना तेल चिकटलेलं असतं. एक तेलकट खोकं अख्ख्या गठ्ठ्याला नासवतं. आणि लोकांचं तर विचारूच नका. वस्तू योग्य डब्यात टाकली की आपण सुटलो अशी त्यांची समजूत, मग पुढच्या आठवड्यात दुप्पट विकत आणतात. बाळाचे लंगोट कागदाच्या डब्यात टाकणारेही तेच, आणि सभेत कचऱ्यावर भाषण देणारेही तेच. हे सगळं ती घरी कधी बोलली नाही. काळ्या डब्यांचं तर मुळीच नाही. सासूबाई पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या तर काय, ही धास्ती होती.

त्यांच्या गल्लीत कचऱ्याची गाडी गुरुवारी सकाळी लवकर येते. म्हणजे गुरुवारीच तो माल पट्ट्यावर. दर गुरुवारी संध्याकाळी ती दारात चपला काढत असताना सासूबाई विचारायच्या, "आले का माझे डबे?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिचा खांदा ठणकत होता. दिवसाला सत्तर टन माल येतो, त्यात कोणाचा डबा कुठला हे देवालाही सांगता येणार नाही, हे समजावून सांगायचं तिच्या जिवावर आलं. "आले," ती म्हणाली आणि आत गेली. दर गुरुवारी हेच. आले का, आले. कोणाचं काही बिघडत नव्हतं, असं तिला वाटत होतं.

त्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी मात्र सासूबाईंनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आई, डब्यांना लोकर बांधता का तुम्ही?"

सासूबाईंचा चेहरा उजळला. "दिसली का तुला?"

"दिसली. बांधू नका. यंत्रात अडकते."

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या. "फार अडकते?"

"अडकते. बांधायचं नाही, एवढं लक्षात ठेवा."

सासूबाईंनी मान डोलावली. त्यांची मान डोलावण्याची एक पद्धत आहे, ज्यातून होकार मिळाला असं समोरच्याला वाटतं आणि त्यांना तसं काही म्हणायचं नसतं. इतक्या वर्षांत पुठ्ठेवालीला हे कळायला हवं होतं.

तिसऱ्या गुरुवारी पट्टा साडेदहालाच थांबला.

मुकादम स्वतः जिना उतरून खाली आला. तो चांगला माणूस होता, त्यामुळे ओरडत नसे. त्याने फळ्यावर तिसरी रेघ मारली आणि खडू खिशात ठेवला.

"गुरुवारची गाडी कुठल्या भागातून येते?" त्याने विचारलं. "चालकाला सांगून घरं तपासायला लावतो. एकदा सापडलं की त्या गल्लीचे डबे महिनाभर उचलू नका म्हणून कळवतो. लोकांना त्याशिवाय अक्कल येत नाही."

बाटलीवालीने जोरात मान हलवली. गुडघ्यावर बसूनच पुठ्ठेवालीने तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"घरं तपासू नका. माझ्या घरची लोकर आहे ती," ती म्हणाली. "सासूबाई बांधतात."

बाटलीवालीने एकदम पट्ट्यावरच्या एका रिकाम्या बाटलीत लक्ष घातलं. मुकादमाने कपाळाला हात लावला.

"बारा वर्षं तू इथे काम करतेस," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"पुढच्या गुरुवारी चौथी रेघ पडली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"तेही माहीत आहे."

त्या दिवशी ती घरी चालत आली. बसमध्ये कोणाशी भांडण होईल याची तिला खात्री होती. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून टोमॅटोच्या डब्याची कड फडक्याने पुसत होत्या. हाताला कापू नये म्हणून कड पुसून आत वळवायची, हा त्यांचा नवा नियम. त्यांनी वळून पाहिलं.

"आले का माझे..."

पुठ्ठेवालीने पिशवीतून गुंता काढला आणि जेवणाच्या टेबलावर आपटला. काळं तेल, कागदाचे कपटे, बाटलीची झाकणं, आणि या सगळ्यात गुंतलेली विटकरी लोकर.

"हे आले," ती म्हणाली. "हे असे येतात तुमचे डबे. मी सांगितलं होतं, बांधू नका. हो म्हणालात. का हो म्हणालात?"

"अगं, या वेळी सैल बांधली होती."

"सैल काय आणि घट्ट काय. दोरा म्हणजे दोरा. याच्यापायी तीनदा पट्टा बंद पडला. तीनदा मी त्या चाकांत हात घालून हे कापलंय. माझी खुर्ची जाणार आहे, आई. हा हात जाणार आहे. आणि हे सगळं कशासाठी, तर एका डब्याला फुंदा हवा म्हणून."

ती एवढं एका दमात कधी बोलली नव्हती. सासूबाईंनी हातातला डबा खाली ठेवला आणि हात पदराला पुसले. मग त्या टेबलाशी येऊन बसल्या आणि त्या गुंत्यातलं एक टोक शोधायला लागल्या. ते बघून पुठ्ठेवालीला आणखीच संताप आला.

"सोडवू नका ते."

"तू म्हणायचीस, आले," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "मी विचार केला, एवढ्या ढिगातून ही आपले डबे दर गुरुवारी कशी ओळखत असेल. डोळे दुखत असतील हिचे. खूण असली तर लवकर सापडतील. लांबून दिसावी म्हणून विटकरी बांधली."

पुठ्ठेवाली उभी होती ती खुर्ची ओढून बसली. समजावून सांगायच्या कंटाळ्याने ती 'आले' म्हणाली होती, आणि तो एक शब्द सासूबाई वर्षभर खरा मानून चालल्या होत्या. राग कोणावर काढायचा तेच तिला समजेना. तरी तो पुरता गेला नाही.

"खूणच करायची होती तर कागदावर करायची. बाबांचा स्वेटर कशाला उसवायचा?"

"तूच म्हणालीस ना, कपाट रिकामं करा."

म्हणाली होती. दोन महिन्यांपूर्वी, बरण्यांच्या बादलीला पाय अडखळला त्या दिवशी. घर म्हणजे नुसता भंगारखाना झालाय, निदान बाबांचं ते कपाट तरी रिकामं करा, असं ती ओरडली होती.

"शर्ट दिले शेजारच्यांना," सासूबाई म्हणाल्या. "चपला दिल्या. हा राहिला. कोपरं गेलेली, कोणाला देणार. मग डब्यांपाशी घेऊन गेले. सगळी चित्रं पाहिली. कागद आहे, काच आहे, पत्रा आहे. याचं चित्र कुठेच नाही. कुठल्या डब्यात टाकायचा, तूच सांग. तुला तर सगळं माहीत आहे."

पुठ्ठेवालीला खरंच माहीत होतं. पट्ट्यावर कपडे रोज येतात. स्वेटर येतात, मोजे येतात, लहान मुलांच्या टोप्या येतात. ओले, मळलेले कपडे कोणी घेत नाही. ते डाव्या हाताच्या झरोक्यात टाकायचे, तिथून थेट जाळायच्या ढिगात. बारा वर्षांत तिने असे किती टाकले असतील याची गणती नव्हती. एकाकडेही तिने कधी वळून पाहिलं नव्हतं.

"म्हणून मग थोडा थोडा उसवला," सासूबाई म्हणाल्या. "हातभर, हातभर. म्हटलं, तुझ्याच हातात जातोय, तर चालेल."

नळ नीट बंद नव्हता, त्याचं पाणी भिजत घातलेल्या बरणीत पडत होतं. पुठ्ठेवालीने उठून तो बंद केला.

"किती उरलाय?" तिने विचारलं.

सासूबाई आत जाऊन घेऊन आल्या. एक बाही उरली होती, मनगटाच्या पट्टीसकट. उसवलेल्या टोकाला त्यांनी गाठ मारून ठेवली होती.

"ही कुठल्याच डब्यात जाणार नाही," पुठ्ठेवाली म्हणाली. "ठेवा कपाटात. मी काही म्हणणार नाही."

मग तिने सासूबाईंना जेवणाच्या टेबलाशी बसवून शिकवलं, आणि या वेळी मान डोलावण्यावर विश्वास ठेवला नाही. प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडून वदवून घेतली. बांधायचं नाही. डब्यात डबा घालायचा नाही, यंत्राला तो एकच वाटतो. पिशवीत भरून तोंड आवळायचं नाही. झाकण वेगळं, डबा वेगळा. सगळं सुटं.

"सुटं टाकलं तर हरवेल ना," सासूबाई म्हणाल्या.

"हरवलंच पाहिजे, आई. आपलं, शेजारच्यांचं, सगळ्यांचं एकात एक मिसळलं तरच ते पुढे जातं. जे वेगळं दिसतं ते अडकतं."

सासूबाईंनी यावर विचार केला. त्यांना ते पटलं नव्हतं हे उघड होतं. "काळे डबे?" त्यांनी विचारलं.

पुठ्ठेवालीने एक श्वास घेतला. "ते धुऊ नका. त्यांचं काही होत नाही, जाळतात ते. मी आधीच सांगायला हवं होतं."

"वर्षभर घासले मी ते."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, आणि मग उठून काळे डबे घासायची काथ्याची घासणी त्यांनी कचऱ्यात टाकली. जरा जोरातच टाकली. त्या रात्री त्या तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि तिला ते कबूल होतं. निदान खिडकीजवळच्या खुर्चीत तरी गेल्या नाहीत.

चौथ्या गुरुवारी पुठ्ठेवालीने आकड्याची सुरी सकाळपासूनच हाताशी ठेवली होती. साडेदहा झाले. अकराला दहा मिनिटं कमी झाली. तिच्या गल्लीचा माल पट्ट्यावर आला. डबे येत होते, कडा आत वळवलेले, कडा न वळवलेले. बरण्या येत होत्या, लेबल असलेल्या, लेबल नसलेल्या. चाकं फिरत होती. तिला स्वतःचाच वैताग आला, कारण लोकर येऊ नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बघत होती, आणि बघता बघता आपल्या घरचा एखादा डबा दिसतो का तेही शोधत होती. ते डबे असे किती घरांतून येत असतील. ओट्यापाशी उभं राहून कड पुसणारी आणखी कोणी असेलच. एकही डबा तिला आपला म्हणून सांगता आला नाही.

पट्टा थांबला नाही. पाळी संपल्यावर मुकादमाने तिला हाक मारली, आणि केबिनची किल्ली तिच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "सोमवारपासून. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांग. पण लांबूनच."

संध्याकाळी ती दारात चपला काढत होती. सासूबाई ओट्यापाशी होत्या. आठवडाभर त्यांचं बोलणं कामापुरतंच चाललं होतं, त्यामुळे आज त्या विचारतील असं तिला वाटलं नव्हतं.

"आले का माझे डबे?" सासूबाईंनी विचारलं.

नेहमीचा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. "सकाळभर बघत होते. मला एकही ओळखता आला नाही."

सासूबाईंनी हातातली बरणी उजेडासमोर धरून पाहिली आणि पालथी घातली.

"मग आज नीट आले," त्या म्हणाल्या.